चौथीच्या घरातला गुरुवार

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली आणि आज प्रथमच मी तुम्हाला काही लिहिते आहे. वर्गात तुम्ही प्रश्न विचारलात की उत्तर ठाऊक असूनही मी पाटीवर लिहून पाटी वर धरीत असे. तशीच ही पाटी समजा. एका गुरुवारी दुपारी आमच्या घराचे दार आतून बंद होते. ते कोणी लावले याविषयी तुमचा एक समज झाला, आणि तो समज घेऊनच तुम्ही गेलात. तो चुकीचा होता. एवढेच सांगायचे आहे, पण सरळ त्या दारापाशी जाऊन उभे राहण्याचे धैर्य मला अजून होत नाही. म्हणून आळीच्या टोकापासून सावकाश चालत येते.

स्टेशनाकडून आलेला रस्ता भाताच्या खाचरांना लागतो त्याच्या अलीकडे आपली आळी सुरू होते. दोन्ही अंगांना कौलारू घरे, प्रत्येकाला पुढे ओटी, आणि शेवटी शाळेची लांबट इमारत. ही इमारत उभी राहण्यापूर्वी शाळेला स्वतःचे छप्पर नव्हते, तेव्हा आळीतल्या घरांनी आपापली ओटी एकेका इयत्तेला देऊन टाकली होती. माझ्या जन्माआधीची ती गोष्ट. पण मला ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी आठवते, कारण तुम्ही ती अनेकदा सांगितलीत. एका ओटीवर बे एके बे चाललेले असे, शेजारच्या ओटीवर कविता, पलीकडे नद्यांची नावे; आणि वारा खाडीकडून आला की सगळे मिसळून नद्यांना पाढे फुटत. वर्ग इमारतीत गेले, घरांची नावे मात्र तशीच राहिली. पोस्टमन अजूनही विचारतो, "तिसरीच्या घरी कोणी आहे का? तार आहे." दुसरीच्या घरातली मुलगी पाचवीच्या घरी सून म्हणून गेली, तेव्हा तिचे वडील मांडवात म्हणाले होते, "पोरगी कधी अभ्यासाला बसली नाही, पण तीन वर्ग एकदम वर चढली."

आमचे घर चौथीचे. ओटीच्या भिंतीवर फळ्यासाठी रंगवलेला काळा चौकोन आहे. दर दिवाळीला सगळी आळी चुना लावते आणि प्रत्येक घर आपला काळा चौकोन तेवढा सोडून देते. का, ते कोणी कोणाला विचारीत नाही. संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास आळीतून चालत गेले की पांढऱ्या भिंतींवरचे ते चौकोन उघड्या खिडक्यांसारखे दिसतात. लहानपणी मला वाटे, त्यांच्या आत अजून वर्ग भरत असतील आणि आपण कान लावला तर ऐकू येतील. मी कान लावीतही असे. एकदा तुम्ही मला तसे करताना पाहिलेत आणि हसला नाहीत, फक्त विचारलेत, "कोणता विषय चालला आहे?"

मी सातवीत असताना तुम्ही नवापूरच्या त्या मुलीला पाचवीत आणलेत. तिचे घर मासेमारीचे; चौथीपुढे तिथे मुलींना कोणी पाठवीत नसे. इथे मासळी बाजाराच्या मागे तिच्या मावशीची खोली होती. मावशी पहाटे टोपली घेऊन निघे ती दिवेलागणीला परते, त्यामुळे दुपारी चूल थंड. तुम्ही आळीतली सहा घरे फिरून तिचे वार लावलेत: सोमवार ते शनिवार, रोज एका घरी दुपारचे जेवण. आमच्या ओटीच्या पायरीवर बसून तुम्ही आईला हे सांगितलेत, तेव्हा मी आतल्या उंबऱ्याशी पुस्तक उघडे धरून बसले होते.

"वार मुलांचे लावतात असं ऐकलं होतं, बाई," आई म्हणाली.

"पोटं मुलींनाही असतात, वहिनी."

"तेही खरंच. बाकीच्या घरांनी काय सांगितलं?"

"पाच जणी हो म्हणाल्या. पण ओटीवर जेवेल ना, आत नको हं, असंही म्हणाल्या."

आईने निवडायची गवार बाजूला ठेवली. "माझ्याकडे आत बसू दे. ओटीवर कावळे फार त्रास देतात."

तुम्ही तिच्याकडे बराच वेळ पाहिलेत. कावळे ओटीवर कधीच येत नाहीत हे तुम्हाला ठाऊक होते. मग म्हणालात, "सहा घरांत तुमचं घर मला पहिलं आठवलं होतं, पण विचारायला शेवटी आले. नकार आला असता तर सोसला नसता."

गुरुवार आमचा ठरला. ती मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आमच्या घरात माझ्यापेक्षा मोकळी. हातपाय धुऊन पाटावर बसे आणि पहिल्या घासालाच बोलू लागे.

"काकी, तुमच्या आमटीत गूळ हाय."

"असतोच ग. आवडत नाही?"

"आवडतो. पण आमच्या घरात कोनी आमटीत गूळ घातला तर आजी म्हनंल, पोर आजारी हाय काय?" मग माझ्याकडे हनुवटी उडवून, "तुमची ही बोलत नाय काय? मुकी हाय?"

"बोलते की. पुस्तकाशी बोलते."

"पुस्तक काय सांगतं तिला?"

"ते ती मलाही सांगत नाही," आई म्हणे, आणि दोघी हसत. मी ताटाकडे पाहत जेवत असे. त्या हसण्यात मला यायचे होते, पण वाट सापडत नव्हती.

बाई, आता मी दारापाशी येते.

त्या गुरुवारी आई सकाळच्या गाडीने वाणगावला मावशीकडे बारशाला गेली होती. जाताना तिने सगळे करून ठेवले. "ती आली की पान वाढ. भातावर तूप घाल, नको म्हणाली तरी घाल." दुपारच्या सुट्टीत मी घरी आले. नोव्हेंबरमधले मऊ ऊन ओटीवर पडलेले होते, भाताच्या पेंढ्याचा वास येत होता, आणि घरात मी एकटी. मला एकदम जाणवले की आता मला वाढावे लागेल, आग्रह करावा लागेल, आणि मधल्या शांततेत काहीतरी बोलावे लागेल. आळीत दुपारी दारे कोणी लावीत नाही. मी आमचे दार लोटले आणि कडी घातली. आवाज होऊ नये म्हणून ती बोटाने धरून घातली.

ती आली. "काकी. ओ काकी." मग थोड्या वेळाने, हळू, "काकी घरात नाय?" मी दाराला लागून बसले होते. फटीतून तिच्या वेणीची लाल फीत दिसत होती. ती पायरीवर बसली. काळ्या चौकोनाखाली खडूचा एक तुकडा नेहमी पडलेला असे. तो घेऊन तिने भिंतीवर शिडाची होडी काढली, पुसली, पुन्हा काढली. मला खडू घासल्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. ती दुपार अजूनही माझ्या मनात संपलेली नाही. मग शाळेची घंटा झाली आणि ती उठून गेली. आईने झाकून ठेवलेले तिचे पान मी मागच्या दारी गाईला घातले, आणि संध्याकाळी आईने "जेवली ना ग नीट?" असे विचारले तेव्हा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला व्हरांड्यात थांबवलेत. कवायतीत तिला भोवळ आली होती. "काल दुपारी तुमच्या घरी कोण होतं?" तुम्ही विचारलेत. त्या एका प्रश्नाला मी पाटीशिवाय, तोंडाने उत्तर दिले. म्हटले, "कुणी नव्हतं." पण पाचवीच्या घरातल्या काकूंनी तुम्हाला आधीच सांगितले होते, की दाराला बाहेर कुलूप नव्हते, कडी आतून होती. आई गावाला गेली होती हे त्यांना माहीत नव्हते, तुम्हालाही नव्हते. तुम्ही माझ्याकडे रागाने पाहिले नाहीत, दयेने पाहिलेत. तुम्हाला वाटले, हे उत्तर माझे नाही, मला पढवून पाठवले आहे. ती नजर पाहिली तेव्हाच मी बोलायला हवे होते. मी खाली पाहिले.

"आईला सांग," तुम्ही म्हणालात, "गुरुवारची व्यवस्था झाली आहे. त्यांना तसदी नको."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. निरोप चोख सांगण्यात मी नेहमीच हुशार होते. आई विळीवर बसली होती, ती तशीच थांबली. "का ग? माझं काही चुकलं का?" मी पुस्तक उघडले. ती स्वतःशीच म्हणाली, "आमटीतल्या गुळाचं मनावर घेतलं असेल पोरीनं. मला वाटलं, गंमत करते." तेव्हापासून आमच्या घरी आमटीत गूळ पडलेला नाही. वडिलांनी दोनदा विचारले, मग विचारायचे सोडले.

गुरुवार तुम्ही स्वतःकडे घेतलात. गुरुवारी तुमचा उपास असे. तरी तुम्ही दुपारी घरी जाऊन तिच्यासाठी भात टाकीत असा, आणि ती जेवेपर्यंत समोर बसत असा. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आमच्या पायरीवर चहाला बसण्याची तुमची रीत मात्र तुम्ही थांबवलीत. अर्धा कप चहा आई काही दिवस जास्त टाकीत राहिली. पुढच्या श्रावणात तुम्हाला ताप आला, तेव्हा ती मऊ भाताचे भांडे घेऊन तुमच्याकडे आली होती. परत येऊन ओले पाय पुसताना एवढेच म्हणाली, "बाई आज मला 'वहिनी' म्हणाल्या नाहीत." चार दिवसांनी तुम्ही गेलात. आळीने त्या दिवशी घंटा वाजवली नाही. तुम्हाला आळीतून नेले तेव्हा आई आमच्या ओटीच्या कडेला उभी राहून पाहत होती. चार पावले पुढे जावे की नाही, हे तिला ठरवता येत नव्हते. मी तिच्या मागे होते, मला सगळे ठाऊक होते, आणि मी तिचा पदर धरून उभी होते.

आता मी याच शाळेत तिसरीला शिकवते. आळीत पुष्कळ नवी माणसे आली आहेत. तारापूरच्या वीजघराच्या कामावर असलेली मंडळी बोईसरला राहतात आणि बायकामुलांना इथे ओटीलगतच्या खोल्यांत ठेवतात, शाळा जवळ म्हणून. आमच्या भाडेकरू बाई नागपूरकडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "हा काळा डाग काढत काऊन नाही?" या दिवाळीला त्याच चुना लावायला उभ्या होत्या, आणि चौकोन त्यांनी आपण होऊन सोडला.

गेल्या आठवड्यात शाळेत बालवाडीच्या शिक्षिकांची सभा होती. सफाळ्याच्या, वाणगावच्या बाया आल्या होत्या. त्यांत ती होती. ती आता नवापूरला बालवाडी चालवते. पायरीवर मला अडवून म्हणाली, "वळखलंस काय? का अजून मुकीच हायस?"

मी तिचे नाव घेतले.

"त्या दिवशी तू घरात होतीस," ती म्हणाली, अगदी सहज. "फटीतून तुजा परकर दिसत होता."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मी तरी सहा घरांची पायरी चढताना रोज घाबरायची. मला वाटलं, ही पन घाबरली, तर घाबरू दे." मग पायरी उतरताना, "काकी बरी हाय ना? तिला सांग, तसली आमटी मला परत कुटं मिळाली नाय."

त्या संध्याकाळी मी आईला सांगितले. ती तांदूळ निवडीत होती. कडी, होडी, गाईला घातलेले पान, व्हरांड्यातले उत्तर, सगळे सांगितले. ती निवडीतच राहिली. सुपातला एकच खडा तिने दोनदा उचलून टाकला. मग म्हणाली, "म्हणजे बाईंना वाटलं, मी." सूप बाजूला ठेवून, "लाजलीस, एवढंच ना? लहान होतीस. तेव्हाच बोलली असतीस तर बाईच हसल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी चहाला आल्या असत्या." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. रागावली असती तर बरे झाले असते.

कारण बाई, मी लाजले हे खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. त्याच आठवड्यात, मंगळवारी, मी अशीच घरात एकटी असताना पाचवीच्या घरातली मुलगी सुई मागायला आली होती. तिनेही दारातून हाक मारली होती. मला तिच्याशीही बोलता येत नसे. मी उठले, तिला आत बोलावले, सुई दिली, आणि ती निघाली तेव्हा कोनाड्यातला लाडू तिच्या हातावर ठेवला.

हे मी आईला सांगितलेले नाही.