खंडेनवमीचा नायलॉन

३ ऑक्टोबर १९९८

सहासष्ट! फक्त सहासष्ट अंश! एवढ्याला तर साधा नायलॉनही वाकतो. माझ्या चाचणीच्या पट्ट्या एकशे चाळीसपर्यंत ताठ राहायला हव्या होत्या. पाच टक्के माती घातलीय त्यात — कुंभाराची नव्हे, बारीक पापुद्र्यांची, एकेक पापुद्रा केसाहून हजारो पटींनी पातळ. वितळलेल्या नायलॉनमध्ये ते सुटे होऊन नीट पसरले की प्लास्टिक तापलं तरी मऊ पडत नाही. जपान्यांनी हे कधीच करून दाखवलंय. आणि माझ्या पट्ट्या? आत बुडबुडे, वर चंदेरी रेघा, वाकवल्या की कटकन मोडतात!

गुरुदत्तशेठ हसले. मालक हसला की जास्त चीड येते. "ताई, ठाण्याच्या पार्टीला इस्त्रीच्या प्लगसाठी माल हवाय, बिस्किटं नकोत." परत ट्रायलला मशीन देणार नाहीत म्हणे. विषय संपला!

४ ऑक्टोबर

जेवले नाही. आई म्हणाली, "राग पलास्टिकचा, भातावर कशाला कारतेस?"

कशाला म्हणजे? बाबांची जमीन कारखान्यात गेली म्हणून पोरीला नोकरी लागली, हेच बोलतात सगळे. एम.एस्सी. मी झोपेत केली बहुतेक! या एका ट्रायलने सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

५ ऑक्टोबर

पाणी! नारळाचं पाणी!!

आज मशीनचा हॉपर उघडला — वरचं नरसाळं, ज्यातून माल आत जातो. तळाशी करवंटीची कपची. म्हणजे खंडेनवमीच्या पूजेत नारळ जमिनीवर नाही, थेट हॉपरच्या तोंडावर फोडला, आणि लगेच मुहूर्ताला माझाच माल चालवला. भट्टीत वाळवून वाळवून तयार केलेला माल! ओला नायलॉन तापवला की आतून तुटतो. शाळेतल्या पोरालाही समजेल हे.

मी त्या दिवशी ठाण्याच्या लॅबमध्ये तपासणीची वेळ मागत बसलेले. मशीनवर होता धाकू. आमच्याच गावचा. विचारलं तर खाली मान.

"मना नाय म्हाईत, ताई."

"तुझ्या नाकासमोर फुटला आणि तुला माहीत नाही?"

मी एवढी ओरडले की शेडमधली सगळी माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. बघू देत.

६ ऑक्टोबर

करवंटी शेठच्या टेबलावर आपटली. ते म्हणाले, एक ट्रायल देतो. पण ज्याने माल घालवला तो घरी बसेल. नाव सांगा.

सांगितलं.

९ ऑक्टोबर

शुक्रवार, सुट्टी. तळ्यापाशी धाकू समोर आला आणि वाट बदलून गेला. "चुकलो" म्हणायला काय जातं? म्हणाला असता तर मीच शेठकडे गेले असते. वर तोरा बघा याचा.

१० ऑक्टोबर

माल पुन्हा वाळवला. हॉपरपाशी स्वतः उभी राहिले. कुणालाही जवळ फिरकू दिलं नाही. नवा ऑपरेटर वैतागला. वैतागू दे!

१३ ऑक्टोबर

एकशे त्रेचाळीस! एकशे त्रेचाळीस अंशाला पट्टी वाकली, त्याआधी हलली नाही! तीच माती, तोच नायलॉन. लॅबच्या साहेबांनी पुन्हा लावून बघितली — एकशे बेचाळीस. पार्टी माल घेणार. शेठनी पेढे मागवले आणि पहिल्यांदा मला "मॅडम" म्हणाले. चला, पोरीला अक्कल आहे हे कळलं एकदाचं!

घरी पेढे दिले. आई सगळ्यांना सांगत सुटली. बाबांना सगळं सांगितलं — नारळ, करवंटी, धाकू. त्यांनी पेढा हातात धरला आणि ओटीवर जाऊन बसले. खाल्ला नाही. माझ्या आनंदात कुणी धड हसू पण नये! डोकं फिरलं माझं.

१४ ऑक्टोबर

जमीन आमची होती, म्हणून दरवर्षी खंडेनवमीला कारखान्याच्या गेटवर पहिला नारळ फोडायचा मान बाबांचा. सकाळी माझ्याकडे न बघता बोलले, "औंदा दोन नारल नेलते. दुसरा मीस फोरला. तुजी मशीन ना ती, म्हणून वरतीस फोरला."

धाकू नको नको म्हणत होता म्हणे.