डाव्या हाताचे गुलाब

पेत्रोद्वोरेत्स,
१९ ऑगस्ट १९७९

प्रिय प्रोखोरभावजी,

सकाळी कपडे धुतले, दुपारी बागेत जाऊन आले. पाऊस नव्हता. माझी तब्येत ठीक आहे. तुमच्या घरची सगळी खुशाल असतील.

अर्कादीला जाऊन परवा चाळीस दिवस झाले. त्याच्या नावाचा पेला भरून वर पावाचा तुकडा ठेवला. तुमची खुर्ची मांडली होती. तुमचं गूस गाव लांब आहे, मला कल्पना आहे.

आज झारच्या उन्हाळी बंगल्यातलं जेवणघर लोकांसाठी उघडलं. टेबलावर काचेची जुनी भांडी मांडली आहेत. प्रत्येकावर निळी ढाल, तलवार आणि भोवती कोरलेली गुलाबांची माळ. युद्धात हरवलेल्या एका पेल्याच्या जागी नवा ठेवलाय. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "हा आपल्या अर्कादी सावेल्येविचनी केला. ओळखा बघू यातला नवा कुठला." कुणालाच ओळखता येईना. एक आजोबा म्हणाले, "झारलाही जमलं नसतं, पोरी." सगळे हसले. माझी मान ताठ झाली.

लोक गेल्यावर मी तमारा इग्नात्येव्हनांना गाठलं. संग्रह त्याच सांभाळतात. पेल्याजवळच्या चिठ्ठीवरचं नाव बदला म्हटलं.

पेला तुमचा आहे. "मेलेल्या राजांची भांडी करत बस," असं भावाला सुनावून गेलात, तेव्हा कारखान्यात फळीवर टाकलेला. अर्कादी पुढे कित्येक वर्षं तसाच पेला स्वतः घडवत राहिला. बंगल्यासाठी पेला निवडायच्या दिवशी त्याने दोन्ही पेले खिडकीशी धरले आणि तुमचा पाठवला. नाव सांगायच्या आतच त्याला इस्पितळात न्यावं लागलं. तिथे तुमचं लहानपणचं नाव घेऊन मला म्हणाला, "पाकळी अशी प्रोशाच्या डाव्या हातालाच वळते. नाव त्याचं लिहायला सांग."

तमाराबाई म्हणाल्या, "कशाला, लिदिया? माणूस गेला, नाव तरी राहू दे. आणि त्या प्रोखोरचं काय, साधं पत्र नाही."

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याने पारखून निवडलंय. भलतं नाव लावून त्याला खोटं पाडू नका."

त्यांनी माझ्यासमोर नवी चिठ्ठी लिहिली. तुमचं पूर्ण नाव घातलंय.

तुम्हाला बोलावून घे, असं तो कधी म्हणाला नाही. पण इस्पितळात दार वाजलं की मान वळवायचा.

यायचं असेल तर या. पेला खिडकीच्या बाजूला आहे, दुपारी त्यावर ऊन येतं.

आता सफरचंदं चिरायला घेते. मुरंबा आज घातला नाही तर ती उतरतील. बिया काढायचं काम त्याचं असायचं.

अर्कादीची बायको आणि अजून तुमची वहिनी,
लिदिया