डाव्या हाताची हत्यारं

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक चालू आहे हे वाचून बरं वाटलं. जिना कमी चढायला डॉक्टरांनी सांगितलंय ते तुला सांगितलंय, शेजारणीला नाही, एवढं लक्षात ठेव. इकडे मी ठीक. चष्म्याच्या दुकानात काम भरपूर आहे. दिवसभर काचा घासून घरी येते तेव्हा बोटं पिठात बुडवल्यासारखी पांढरी झालेली असतात.

घरी आल्यावर एकटी काय करतेस, असं तू विचारलंस. हसू नकोस. मी कुलपं उघडते, किल्लीशिवाय. गेली तीन वर्षं हा छंद आहे आणि तुला सांगायचं राहून गेलं. आमच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, पंचावन्नाव्या वर्षी घरफोडी? पळताना धाप लागेल तुम्हाला!" तसलं काही नाही. या छंदाचे दोनच नियम आहेत. कुलूप आपल्या मालकीचं हवं आणि ते वापरातलं नसावं. भंगारातून जुनी कुलपं आणायची, टेबलावरच्या शिकंज्यात धरायची आणि आतल्या बारीक खुंट्या एकेक करून उचलायच्या. सगळ्या जागेवर बसल्या की कुलूप फिरतं. त्या क्षणी जे वाटतं ते मला लिहिता येणार नाही.

सुरुवातीला मी फसले. टपालाने बावीस हत्यारांची पेटी मागवली. दिसायला झोकदार, पण पोलाद मऊ. तिसऱ्याच कुलपात खुंट्या उचलायचा आकडा वाकला. आता अक्कल आली आहे. बावीस लागतच नाहीत. दोन आकडे, एक आखूड आणि एक लांब, आणि ताण द्यायला दोन पट्ट्या, एवढं पुरे. पण पोलाद स्प्रिंगचं हवं, वाकवलं तर परत सरळ होणारं. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी, नाहीतर अरुंद भोकात हलवायला जागा उरत नाही. आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात. कड खरखरीत असली की ती खुंटीला अडकते आणि हाताला खोटंच काहीतरी सांगते. आयुष्यभर काचांच्या कडा घासलेल्या बाईला हे कळायला एक पेटी वाया घालवावी लागली!

आता एका कारागिराचा पत्ता मिळाला आहे. तो पूर्वी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा. वर्षभरात मोजकीच कामं घेतो आणि घेण्याआधी दोन गोष्टी मागतो. कुठलं कुलूप उघडायचं आहे ते लिहायचं आणि कोऱ्या कागदावर हात ठेवून, भोवतीने पेन्सिल फिरवून, तो कागद पाठवायचा. त्या मापाने तो मुठी बनवतो. मी उजवा हात काढून पाठवला. कुलपाबद्दल लिहिलं, जुनं पितळी, मुठीएवढं, दाबून लागणारं. किल्ली नाही.

तुला असंच कळवलं. औषधं वेळेवर घे.

तुझी,
मधली

२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझ्या पत्रात या वेळी गुडघा नाही, हवा नाही, काही नाही. नुसतं "कुठलं कुलूप?" एवढंच. म्हणजे तू ओळखलंस.

हो, तेच. बाबांच्या बर्फाच्या कोठाराचं. बाबा गेल्यावर त्यांच्या अवजारांच्या पेटीत सापडलं, फडक्यात गुंडाळलेलं. त्या दिवशी त्यांनी पहारीने कडी उचकटली होती ना, कुलूप तसंच लागलेलं राहिलं. किल्ली तू त्याच संध्याकाळी कालव्यात फेकलीस. म्हणजे शेहेचाळीस वर्षं ते लागलेलंच आहे. छंद वगैरे नंतर जडला, मला हे एक कुलूप उघडायचं होतं. कुठल्याच हत्याराने उघडेना, म्हणून चांगल्या हत्यारांच्या मागे लागले.

पार्सल मागच्या महिन्यात आलं. काय काम आहे ताई! आकड्याचं टोक नखावरून फिरवलं तरी ओरखडा उठत नाही. मूठ हातात घेतली की आपलंच बोट लांब झाल्यासारखं वाटतं. पण पेटीत दोन संच होते. एक माझा. दुसऱ्याच्या मुठी जरा बारीक, आणि सगळ्या डाव्या हाताच्या.

मला वाटलं दुसऱ्या कुणाचा चुकून आला. कारागिराला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, सोबत माझा कागदही परत पाठवला होता. तो लिहितो, "बाई, तुम्हीच दोन हात पाठवलेत. पुढच्या बाजूला उजवा आणि मागच्या बाजूला डावा. डावा पेन्सिलीचा नव्हता, ओल्या हाताचा ठसा वाळल्यासारखा होता, म्हणून मापं घ्यायला त्रास झाला. डाव्या करंगळीला बाक आहे, तो धरूनच मूठ केली आहे."

कागद मी उजेडात धरून पाहिला. हात आहे. मोठ्या बाईचा आहे, माझ्यापेक्षा थोडा लहान. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली.

आई धाकटीला किती रागवायची, उजव्या हाताने जेव म्हणून. आठवतं तुला? ती सहा वर्षांची होती. आज बावन्नची असती.

दुसरा संच मी कप्प्यात ठेवला आहे. उन्हाळा सुरू झाला आहे, घरात पंखा लावल्याशिवाय बसवत नाही, आणि ती हत्यारं हातात घ्यावीत तर गार लागतात. त्यांच्यावर दव धरलेलं असतं. रोज पुसून ठेवते, पोलाद गंजू नये म्हणून.

घाबरू नकोस. मी पण घाबरले नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

तुझी,
मधली

१९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. तू लिहिलंस, "ती खरंच तिथे असेल तर तिला सांग, ताई चुकली. कुलूप लावायच्या आधी मी आत बघायला हवं होतं."

मी तिला हे सांगू शकत नाही. का, ते सांगते. पण आधी इथे काय चाललंय ते ऐक.

कुलूप माझ्याकडून उघडलं नाही. नवी हत्यारं, तीन वर्षांची सवय, सगळं लावून पाहिलं. शेवटी गेल्या सोमवारी मी दुसरा संच काढून त्याच्याजवळ ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. सुट्टीचा दिवस होता, दुपारचे चार वाजले होते, खिडक्या उघड्या, रस्त्यावर पोरांचा गलका. परत आले तर कुलूप उघडं होतं. लांब आकडा टेबलाच्या डाव्या बाजूला पडला होता, ओला. टेबलावर लाकडाचा भुसा होता, बर्फाच्या लाद्या ज्यात ठेवायचो तसला. माझ्या घरात भुसा कुठून येणार?

शेहेचाळीस वर्षांनी ते उघडलं होतं. मला रडू यायला हवं होतं, नाहीतर मी बाहेर पळायला हवं होतं. मी काय केलं सांगू? कुलूप उचललं आणि दाबून लावलं. विचार न करता. हाताने केलं आणि मी बघत राहिले.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. चारच्या सुमारास ते उघडं सापडतं. सुट्टी टाकून घरी बसले आहे. रोज ठरवते की आज हात लावायचा नाही, आणि रोज लावते. फेकून द्यायला उचललं तर फेकायच्या आधी अंगठा दाबतो. ती एवढे कष्ट करून उघडते, आणि मी बंद करते. परवा आवाजही आला. कोठाराच्या जाड दाराला आतून थाप मारली तर बाहेर जसा येईल, तेवढाच.

आता ऐक. कुलूप तू लावलं नव्हतंस.

तू लाद्या मोजून बाहेर आलीस आणि कुलूप कडीला नुसतं अडकवून मागची शेड बंद करायला गेलीस. रोज लावायचीस, म्हणून त्या दिवशीही लावलंच असणार असं तुला वाटलं. बाबांना वाटलं, आईला वाटलं. किल्ली तुझ्या गळ्यात होती, मग कोण दुसरं लावणार? पण ते कुलूप लावायला किल्ली लागत नव्हती. दाबलं की लागायचं.

धाकटी बर्फ चाटायला आत शिरली, ते मी पाहिलं. सकाळी तिने माझी चुगली केली होती आणि मला मार बसला होता. मी दार लोटलं आणि कुलूप दाबलं. ती आत आहे हे मला माहीत होतं, ताई. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. पाच मिनिटं रडू दे, मग ताईला सांगू, असं ठरवलं होतं. बाहेर मुली दोरीच्या उड्या खेळत होत्या, तेवढ्यात माझी पाळी आली.

मी विसरले. खरोखर विसरले. तिला हाका मारत सगळे फिरायला लागले तेव्हा आठवलं. तेव्हाही सांगितलं असतं तर कदाचित ती वाचली असती. पण मला परत मार बसेल याची भीती वाटली. नऊ वर्षांची होते मी, पण हाका ऐकू येत होत्या मला. मीही तुमच्याबरोबर हाका मारत फिरले.

मग तुला मावशीकडे पाठवलं. आई तुझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही. तू घराला कधी कुलूप लावत नाहीस, लग्नाला नाही म्हणालीस, कुणाचं मूल कडेवर घेतलं नाहीस. हे सगळं मी लांबून बघत होते आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी तुला पत्र लिहीत होते, गुडघा कसा आहे विचारत होते.

माफ कर असं मी म्हणणार नाही. तो हक्क मला नाही. तुला राग आला तर तो माझ्यावर पूर्ण काढ, पण इथे येऊन काढ. ती उघडत राहील, आणि माझा हात ते उघडं राहू देणार नाही. तिला बाहेर येऊ देणारं कुणीतरी इथे हवं. तिला तुझ्याजवळ यायचं असणार, माझ्याजवळ ती कशाला येईल?

आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. कुलूप समोर उघडं पडलंय. आजवर एवढा वेळ ते कधी उघडं राहिलं नव्हतं. उजवा हात मी या पत्रात गुंतवून ठेवलाय, म्हणूनच हे एवढं लांबलं. लिहायचं सगळं लिहून झालं आहे, आणि लिहिणं थांबलं की हात मोकळा होईल.

लवकर ये.

कुलूप लावणारी,
मधली