पाचपैकी पाच

४ ऑगस्ट

शून्य. पन्नासपैकी शून्य!

मोठ्या सरांनी बोलावून घेतलं आणि गोटीचा पेपर माझ्या नाकासमोर धरला. वर तिचं नाव, खाली सगळं कोरं. "तिसरीतल्या मुलीला एक ओळ वाचता येऊ नये? घरी कोणी जवळ घेऊन बसत नाही का?" दिवसभर मी लाँड्रीत चादरींच्या वाफेत उभी. मान खाली घालून ऐकलं. टेबलावर त्यांचं अर्धवट खाल्लेलं केळं काळं पडलेलं, त्याचा तो गोडसर वास.

सगळ्या वर्गाचेच मार्क कमी आलेत म्हणे. पण शून्य फक्त माझ्या पोरीला.

बाहेर गोटी बाकावर पाय हलवत बसलेली. रडत नव्हती. मला तेच जास्त लागलं.

५ ऑगस्ट

आज कळलं हे सगळं कशासाठी. गोटीच्या बाईंची निवड झालीये, त्यांना नेतृत्वाचं प्रशिक्षण देणार. म्हणजे बाईंना पुढारी करायचं आणि त्याने मुलांना काय फरक पडला ते मोजायचं. एकदा आधी, एकदा नंतर. कालचं ते आधीचं.

लाँड्रीत इस्त्रीवाल्या काकींना सांगितलं. म्हणाल्या, "आणि बाई पुढारी झाल्यावर वर्गात कोण जाणार गं? तू?"

हसले. पण नंतर आठवलं. गेल्या वर्षी गोटी पुस्तक धरून बडबडायची, मला वाटलं वाचते. पाठ केलेलं म्हणत असणार. प्रगतीपुस्तकात तर सगळ्यांनाच 'चांगली' लिहून देतात. आणि मी खूश!

ह्यांना अजून शून्याचं सांगितलेलं नाही.

१९ ऑगस्ट

मारलं तिला.

साबणाचा पुडा समोर धरला. म्हटलं, वाच. ओठ घट्ट मिटून घेतले. पहिलं अक्षर तरी सांग. नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. मग माझा हात उठला. गालावर माझी बोटं. माझी बोटं तरी कसली, ब्लीचने सोलवटलेली, पांढरी, पालीच्या पोटासारखी. स्वतःचीच शिसारी आली.

मीसुद्धा चौथीत सुटले शाळेतून. असंच बाईंसमोर गप्प उभं राहून राहून. तिचं माझ्यासारखं झालं तर?

३ सप्टेंबर

बाई आठवडाभर प्रशिक्षणाला. वर्गावर कोणीच नाही. शेजारच्या वर्गातल्या बाई दारातून ओरडून जातात, "आवाज नको!" गोटी म्हणते, आम्ही डोकं बाकावर ठेवून झोपतो.

स्टॉपवर उभ्या होतो तर मी चढायला निघाले. हिने मागून ओढलं. "ही नाही आई, पुढची." बरोबर होतं तिचं. बसच्या रंगावरून ओळखत असेल. डोकं आहे पोरीला, अक्षरच तेवढं शिरत नाही.

२२ सप्टेंबर

मोजणाऱ्या मॅडम आल्या होत्या. आयांना एकेक करून आत बोलावलं. च्युइंगम चघळत होत्या, डोळे मोबाइलवर. माझ्याकडे एकदाही वर बघितलं नाही.

"बाई तुमच्याशी नेतृत्वाने बोलतात का? एक ते पाच."

म्हटलं, "मॅडम, त्या बोलतच नाहीत."

"मग एक टाकू?"

एक टाकला आणि बाईंना कळलं तर? राग पोरीवर काढतील. विचारलं, "पाच टाकलं तर काही होतं का?"

"पाच चांगलं असतं."

"मग पाच टाका."

सगळ्याला पाच. बाई प्रेरणा देतात का, पाच. बाईंमुळे घरी बदल जाणवतो का, पाच. गालावर बोटं उठली हाच बदल, तो कुठे टाकायचा? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही फार सहकार्य केलंत." च्युइंगम कागदात गुंडाळलं आणि टेबलाखाली टाकलं.

बाहेर येऊन नळावर खळाखळा चूळ भरली. खोटं बोलल्यावर तोंडाला वास येतो की काय कोण जाणे. मला आला.

११ ऑक्टोबर

शाळेच्या भिंतीवर बाईंचा हा मोठा फोटो. हाताची घडी, गळ्यात प्रशिक्षणाचा निळा पट्टा. खाली मुलींच्या संडासाचं दार तुटलेलं, पाणी बाहेर वाहतंय. मुली नाक दाबून फोटोखालून जातात.

८ नोव्हेंबर

ह्यांना कळलं. मोठे सर भेटले वाटेत आणि शून्य सांगून बसले. हे घरी आले ते बूट न काढताच.

"मला का नाही सांगितलंस?"

मी त्यांचे बूट काढायला वाकले.

"तिसरीत शून्य. पुढे काय दिवे लावणार ही? उगाच शाळेत झोपा काढण्यापेक्षा ताईकडे जाऊ दे. तिचं बाळ सांभाळेल, दोन घास खाईल."

ताई म्हणजे माझी नणंद. तिच्याकडे आधी ह्यांच्या मावशीची मुलगी राहिली होती, बाळ सांभाळायला म्हणूनच. ती काय परत शाळेत गेली नाही. तिथेच भांडी घासून घासून मोठी झाली आणि तिथूनच लग्न करून दिलं.

मी म्हटलं, "आठ वर्षांची आहे हो ती." हे म्हणाले, "आठ वर्षांची आहे म्हणूनच. नंतर अंगवळणी पडत नाही." भाजीचा भाव सांगावा तसं बोलले.

गोटी दाराआड होती. सगळं ऐकलं तिने. बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. परत मिटलं.

१२ नोव्हेंबर

बाई घरी आल्या! कधी नव्हे त्या. निळ्या पट्ट्यासकट. गोटीचं नाव काढून घेणार हे कळल्यावर धावत आल्या. मला वाटलं, बघ, आपण उगाच नावं ठेवतो, माया आहे बाईंना.

खुर्ची पुसून दिली. बसल्या नाहीत. ह्यांना म्हणाल्या, "दादा, आत्ता नाव काढू नका. पहिल्या वेळी होती ती सगळी मुलं दुसऱ्या वेळीही लागतात, नाहीतर माझा वर्ग बाद होतो. जानेवारीत मोजणी होऊ द्या. मग तुमचं तुम्ही बघा."

मग तुमचं तुम्ही बघा.

जाताना गोटीच्या डोक्यावर हात ठेवला, वाकून कानात काहीतरी बोलल्या. गोटीने मान हलवली. मी विचारलं काय म्हणाल्या. म्हणे, "अभ्यास कर म्हणाल्या."

हे म्हणाले, ठीक आहे, जानेवारीपर्यंत. तेव्हाही शून्य आलं तर ताईकडे. बाई बसल्या नाहीत ती खुर्ची मी परत पुसली. का ते माहीत नाही.

२ जानेवारी

जेवण जात नाही. शाळेचं गेट टाळून लांबच्या रस्त्याने कामावर जाते. गोटी मात्र मजेत खेळतेय.

२० जानेवारी

आज दुसरी मोजणी. चादरींची घडी तीनदा चुकली. काकींनी हातातून काढून घेतली.

८ फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस! शून्यावरून अठ्ठेचाळीस!

सगळ्या शाळेत एवढं कुणीच वर गेलं नाही. आज कार्यक्रम होता. मोजणाऱ्या मॅडमनी पडद्यावर दोन खांब दाखवले, एक जमिनीलगत, एक उंच. म्हणाल्या, "हा आहे नेतृत्वाचा परिणाम." गोटीला स्टेजवर उभं केलं, बाईंनी खांद्यावर हात ठेवला, फोटो काढले. बाई आता दुसऱ्या शाळांमधल्या बाईंना पुढारी करायला जाणार.

हे माझ्या शेजारी बसले होते. पोरीचं नाव घेतलं तसं घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "ताईला कळवतो, दुसरं कुणी बघ म्हणून."

मी रडले. बाईंचे दोन्ही हात धरून म्हटलं, "तुमचे उपकार फिटायचे नाहीत." इतके महिने मनात किती घाण बोलले त्यांना. त्या माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे बघत होत्या. बघू देत.

१० फेब्रुवारी

सकाळी गोटी रद्दीतला पेपर घेऊन बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. धडाधड. लग्नाच्या जाहिराती, अपघात, भाव, सगळं. थांबेचना.

म्हटलं, एवढं कधी शिकलीस गं?

"पहिलीत."

"मग ते शून्य?"

"बाई म्हणाल्या, पहिल्या वेळी थोडंच लिहायचं. थोडं म्हणजे किती ते मला कळेना. म्हणून काहीच नाही लिहिलं. आणि दुसऱ्या मोजणीचे मार्क येईपर्यंत घरीसुद्धा वाचायचं नाही, नाहीतर बाईंना काढतील."

"मी मारलं तेव्हा तरी सांगायचंस. ताईकडे पाठवत होते तेव्हा तरी!"

"तुला तर मुळीच सांगायचं नव्हतं. बाई म्हणाल्या, तुझी आई घाबरट आहे, मॅडमसमोर बोलून टाकेल."

बाईंचं एवढंच चुकलं. घाबरट कुठे बोलतात.

मी पाचपैकी पाच दिले.