माझ्या माळावरचं स्टेशन

बलिप्रतिपदा, सन १३२२ फसली. सकाळ.

आजपासून संकल्प. कोणावरही हात उगारायचा नाही. वाडीतले लोक मला तापट म्हणतात. मी तापट नाही. मला मूर्खपणा सहन होत नाही, एवढंच. आणि ही वाडी मूर्खांनी गच्च भरलेली आहे. पण यापुढे शांत राहायचं. आपल्याकडे रेल्वे येणार आहे, आणि रेल्वेच्या गावातल्या मोठ्या माणसानं शांत दिसावं लागतं. जालन्याचं स्टेशन मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथला मास्तर कोणाला मारत नव्हता. नुसता बघायचा आणि लोक बाजूला व्हायचे.

दुपार.

रामहरी दुकानदाराच्या एक मुस्काटात ठेवून दिली. तो म्हणाला, "आपल्या खडकात रेल्वे कशापायी येईल बे?" सुरुवात त्यानं केली. संकल्प उद्यापासून धरावा.

कार्तिक शुद्ध ५.

मोजणीवाले आले. साखळ्या, झेंड्या, दुर्बीण. त्यांचा ओव्हरसियर हैदराबादचा. आमच्या ओसरीवर बसून ताक प्यायला आणि माळाकडे हात करून म्हणाला, "टेसन इधरीच कहीं आएगा." बाकीच्यांनी फक्त 'कहीं' ऐकलं. मी 'इधरीच' ऐकलं. हाच फरक असतो माणसामाणसात.

माळ माझ्या चुलतभावाचा, शहादेवचा. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही. सिदू धनगराच्या मेंढ्या तेवढ्या बसतात. शहादेवला यातलं काही कळलेलं नाही. बिचारा.

कार्तिक शुद्ध १२.

सौदा झाला. चावडीवर, पंचांसमोर. मी माझा मळा विहिरीसकट शहादेवला दिला, त्याचा माळ मी घेतला. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "दादा, इचार केला का? लई मोठा सौदा हाय." मी म्हणालो, तू झोपेतून उठायच्या आत माझा विचार करून झालेला असतो. त्यानं पागोट्याचा शेव तोंडात कोंबला. हसत असावा. हसू दे.

विहीर मी आणि वडिलांनी खणली होती. खडक फोडताना माझ्या अंगठ्याचं नख गेलं, ते पुन्हा आलंच नाही. पण स्टेशनच्या मालकाला विहीर कशाला? इंजिनाला पाणी लागेल, ते शहादेव घागरीनं आणून देईल.

संध्याकाळ.

घरी सांगितलं. बायकोनं, भिवरानं, तवा फेकला. तापलेला. "आवो, बारमाही पानी दिलं आन् दगडं घेतली! येड लागलं का तुमाला?" मी तिला प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो, तर उलथनंही आलं. डावा कान भाजला. तिच्यावर मी हात उगारला नाही. जवळ जाता आलं नाही, हे वेगळं.

मार्गशीर्ष शुद्ध ३.

माळावर चुना टाकून प्लॉट आखले. मधे प्लॅटफॉर्म. डाव्या हाताला मालधक्का, उजव्या हाताला मिठाईवाला, मागे धर्मशाळा. फर्स्ट क्लासवाल्यांसाठी बाभळीखालची जागा राखून ठेवली, कारण तेवढीच सावली आहे. सगळी वाडी बघायला आली. कोणी प्लॉटसाठी शेळी देतो म्हणाला, कोणी नांगरट करून देतो म्हणाला. मी मास्तरासारखा नुसता बघत होतो.

प्लॅटफॉर्मला लागून असलेला प्लॉट रामहरीलाही हवा आणि धुळाजीलाही. धुळाजी म्हणजे आमचा पैलवान. त्याला डोकं कमी आणि मान जास्त. दोघं काठ्या घेऊन भिडले. रामहरीच्या गळ्याखालचं हाड मोडलं, धुळाजीचे पुढचे दात गेले. दात मिठाईवाल्याच्या प्लॉटमध्ये सापडले. मग मी मधे पडलो आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं दोघांनाही शांतपणे समजावलं. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

जागेसाठी रक्त सांडायला लागलं म्हणजे जागेला भाव आला समजावं. जालन्यालाही असंच झालं असणार.

मार्गशीर्ष शुद्ध ९.

सिदूला ताकीद दिली की प्लॅटफॉर्मवर मेंढ्या बसवायच्या नाहीत. तो म्हणाला, "मालक, गाडी येईस्तोवर बसू द्या की. लेंड्या पडतील, जमिनीला बरं." मी त्याला जमीन आणि प्रॉपर्टी यातला फरक सांगत असताना त्याच्या एडक्यानं मागून धडक दिली. मी पडलो. उठून सिदूला काठी घातली. एडक्यानं पुन्हा धडक दिली. सिदूनं हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

पौष शुद्ध २.

पालथा पडून लिहितो आहे. बसता येत नाही. पण मन प्रसन्न आहे. प्लॉटच्या शेळ्या आल्या. सगळ्या कापल्या, लोकांना जेवण घातलं. भिवरा जेवली नाही. हंडा घेऊन ओढ्यावर गेली, तिथलं पाणी गढूळ आहे म्हणते. थोडे दिवस. मग स्टेशनवर नळ येतील.

पौष वद्य ६.

सर्वनाश. मी पालथा असतानाच मोजणीवाले येऊन गेले आणि स्टेशनच्या खुणेचा दगड रोवून गेले. घडीव दगड, वर छिन्नीनं कोरलेली फुली. कुठं रोवला? मळ्यात. विहिरीला लागून. शहादेवच्या मळ्यात, म्हणजे माझ्या मळ्यात, म्हणजे आता शहादेवच्या!

धावत गेलो. शहादेव विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात तिथं, बसून हुरडा खात होता. म्हणाला, "या दादा. टेसन तुमच्याच हातानं आमच्या घरी आलं बगा." मी त्याचा गळा धरला. त्याचे डोळे बाहेर आले तेव्हा मला किंचित बरं वाटलं. एवढ्यात त्याची बायको, रतनबाई, मचाणावर पाखरं राखत उभी होती, तिनं गोफण फिरवली. पाखरांवर तिचा नेम कधी लागत नाही. माझं कपाळ बरोबर सापडलं.

जखमेत हळद भरली आहे. भिवरानं भरली, पण दाबून दाबून.

माघ शुद्ध ११. भर दुपार.

एकादशी. झाडून सारी वाडी नारायणगडावर दर्शनाला गेली. मी डोक्याचं निमित्त सांगून मागे राहिलो. पहार घेतली, मळ्यातला दगड उपटला, खड्डा बुजवला, दगड पाठीवर घेऊन माळावर आणला आणि प्लॅटफॉर्मच्या मधोमध रोवला. ही चोरी नव्हे. सरकारची चूक झाली होती, ती दुरुस्त केली.

पण शहादेव संध्याकाळी परत येणार. तोही पहार घेणार. मग काय करायचं? डोकं फुटलेलं असलं तरी चालतं. मारुतीला लावून उरलेला शेंदूर कोनाड्यात होता. तेलात कालवला आणि दगडाला वरपासून खालपर्यंत चोपडला. शेंदूर लागलेल्या दगडाला पहार लावणारा माणूस या मुलखात जन्मला नाही. ही युक्ती आजवर कोणाला सुचली कशी नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

माघ शुद्ध १२.

सिदूनं पहाटे पाहिलं आणि आडवा पडला. मग वाडीभर ओरडत फिरला, "माळावर देव निघाला! देव निघाला!" सगळे धावले. शहादेव पहार घेऊनच आला होता. लाल दगड पाहिला, पहार खाली ठेवली आणि हात जोडले. जिंकलो! स्टेशन आता हलत नाही.

मग सिदूनं तोच तो एडका आणला आणि दगडापुढे कापला. प्लॅटफॉर्मवर रक्ताचं थारोळं. एडका मेला याचा आनंद झाला, पण एकूण प्लानमध्ये हे बसत नव्हतं. भिवरानं नारळ फोडला. माझ्या लाल नखांकडे पाहिलं.

माघ वद्य ४.

प्लॉटवाले आले. सगळे. म्हणतात, "देवाच्या जाग्यात दुकान कोण घालीन? आमच्या शेळ्या परत द्या." शेळ्या तुम्हीच खाल्ल्या, असं मी शांतपणे म्हणालो. धुळाजीला दात नाहीत म्हणून त्याचं बोलणं कळलं नाही. पण त्यानं मला उचलून बाभळीवर आपटलं, ते कळलं. रामहरी एका हातानं मारत होता. त्यातही बरीच ताकद निघाली.

श्वास घेताना बरगडी टोचते. बाजार थोडा उतरला आहे. चढेल.

फाल्गुन शुद्ध ८.

ओव्हरसियर परत आला! मी धोतर बदलून गेलो. त्यानं आधी मळ्यात दगड शोधला, मग माळावर आला. लोक म्हणाले, "सायब, दगड कसला? देव हाय ह्यो." मी शेंदराखालची फुली दाखवायला पुढे झालो, तर सिदूनं काठी आडवी घातली. ओव्हरसियरनं टोपी काढली आणि चार पावलं मागे सरकला. म्हणाला, "नक्को बाबा. देव की जगा है, दंगा होता. लैन नदी के उस पार से लेंगे."

तीन कोसांवरच्या नदीच्या पलीकडे. तिथं कोणी माळ घेतलेला नाही, कोणी मळा दिलेला नाही, कोणाचे दात पडलेले नाहीत. त्यांना गाडी.

फाल्गुन पौर्णिमा. होळी.

आज ठरवलं. पहार घेऊन माळावर गेलो आणि दगडावर घातली. टवका उडाला. लोक धावून आले. मी ओरडलो, "हा देव नाही! शेंदूर मी लावला! एकादशीला! दगड माझा आहे!"

पहिली काठी शहादेवची. मग मोजता आल्या नाहीत. उजवा हात मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तोंडात माती गेली. आता जीव जातो, असं वाटलं आणि खरंच भीती वाटली. भिवरा अंगावर येऊन पडली नसती तर गेलाच होता. तिलाही दोन बसल्या.

मग सिदू सगळ्यांना म्हणाला, "थांबा बे! ह्येनी लावला म्हंजी काय? देवानं लावून घेतला ह्येंच्या हातून. एवढ्या गावात ह्योच माणूस निवडला." सगळे थांबले. एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक जण वाकून माझ्या पाया पडायला लागला. पहिला शहादेव.

चैत्र शुद्ध १. गुढीपाडवा.

डाव्या हातानं लिहितो आहे. नवीन वर्ष, नवीन संकल्प: कोणावरही हात उगारायचा नाही. उजवा तसाही खांद्याच्या वर जात नाही.

गावानं मला पुजारी केलं आहे. माळ आता देवाचा. रोज सकाळी दगडाला आंघोळ घालायची, शेंदूर लावायचा, नारळ आले तर फोडायचे. गाव वर्षाला ज्वारी देणार. नाही म्हणायची सोय नाही, धुळाजी समोरच बसलेला असतो.

ओढा आटला. देवाला चांगलं पाणी लागतं म्हणून मळ्यातल्या विहिरीवर जावं लागतं. आज पहिल्यांदा गेलो. वाकून आत पाहिलं, तर वडिलांनी फोडलेला खडक दिसला, आणि मला रडू आलं. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

शहादेवनं स्वतः मोट धरून घागर भरून दिली. माझा हात चालत नाही म्हणून खांद्यावरही ठेवली. म्हणाला, "दादा, देवाला लागंल तेवढं न्या. घरला मातर न्हाई."

परत येताना भिवरा दारात रिकामा तांब्या घेऊन उभी होती. मी तिच्यासमोरून माळावर गेलो आणि दगडाला आंघोळ घातली.