आज तोंड हललं नाही

३ मार्च, संध्याकाळ
ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने. रोज तारीख घालायची आणि तोंड किती हललं ते लिहायचं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सूनबाई लिहिते. तिला शपथ घातली आहे: मी सांगेन तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. तिने मान डोलावली. हेही तिनेच लिहिलं, बिचारीने.

झालं असं. वीस वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात एक बाई बोलायची. एका गोळीने तिला गप्प केलं. आता त्याच गोळीपायी माझी जीभ आणि जबडा आपापले हलतात, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. ते थांबवायला दुसरी गोळी दिली, रोज अर्धी. जुनी आपल्या मनाने बंद करायची नाही, असं दोनदा बजावलं. मला एकदा सांगितलं तरी कळतं.

निश्चय: पंधरा दिवसांत आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर परत बसायचं.

४ मार्च
तोंड हललं नाही. सूनबाईने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, लिही. कवळी सैल आहे, ती हलते. कवळी म्हणजे तोंड नव्हे.

६ मार्च, दुपार
तोंड हललं नाही.

चिरंजीवांनी मला मागच्या इस्त्रीच्या खोलीत बसवलं त्याला दोन महिने झाले. खिडकी नाही, वाफ भरपूर. डाग शोधायला आईसारखी नजर कोणाची नाही, असं त्यांचं म्हणणं. खरंच आहे ते. इस्त्रीवाला म्हणाला, गिऱ्हाइकं तुमच्या तोंडाकडे बघत राहतात, म्हणून आत बसवलं. त्याला काय कळतंय.

तीस वर्षं काउंटर मी सांभाळला. चिठ्ठी वाचता येत नाही, म्हणून कपडा आणि माणूस एकत्रच लक्षात ठेवते. कॉलर दाखवा, मान कोणाची ते सांगते. आता पुढे चिरंजीव बसतात आणि चिठ्ठी वाचून वकिलांची पँट मास्तरांना देतात.

९ मार्च
तोंड हललं नाही.

आंघोळ करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात काय अर्थ आहे? आधी नळ बंद. नेमकं काय ठरवलं ते सांगत नाही, कारण लिहिणारीला कळेल. सूनबाईने विचारलं, कुठला नळ. म्हटलं, मोरीतला.

१५ मार्च
तोंड हललं नाही. कवळीने मात्र कहर केला. जीभ बाहेर येते, आत जाते, ओठ चपचपतात, वाटीतलं निम्मं अंगावर.

दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर आरसा धरला. कवळी टेबलावर स्वस्थ पडून होती. तोंड चालूच. आरसा स्वस्तातला असावा.

१८ मार्च
आज डोक्यात कोणीतरी खाकरलं. सूनबाईचं पेन थबकलं. म्हटलं, बॉयलर खाकरला, तसं लिही.

२० मार्च
बॉयलर बोलायला लागला. म्हणतो, इस्त्रीच्या खोलीला बाहेरून कडी घालणार आहेत. मी उठून पाहिलं. कडी उघडी. बसले. पुन्हा उठून पाहिलं. इस्त्रीवाल्याने मोजलं म्हणे, एकोणीस वेळा. त्याला दुसरं काम नाही.

२१ मार्च
आता लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षं कोणी न नेलेला एक काळा कोट आत टांगलेला होता. कपडा धुवायला टाकण्याआधी आम्ही त्याचे खिसे तपासतो. धुऊन टांगलेल्याचा खिसा कोण बघतो? मोरीतला नळ म्हणजे जुनी गोळी; नऊ तारखेपासून ती रोज तिथे टाकायची. जागा अगदी पक्की निवडली होती. आज सकाळी कोटाचा मालक आला.

त्याने खिशात हात घातला आणि बारा गोळ्या काउंटरवर मांडल्या. मागे काही विसरलं होतं की काय, असं चिरंजीवांना विचारत होता.

चिरंजीव ओरडतील असं वाटलं होतं. ते आत आले, कपड्यांच्या ढिगावर बसले आणि विचारलं, ती बाई बोलायला लागली का. म्हटलं, कोण बाई. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात. मग सांगितलं.

२२ मार्च
डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. पानापानावर तोंड हललं नाही. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा वहीकडे. म्हणाल्या, नुसती वही पाहिली असती तर अर्धीच गोळी चालू ठेवली असती. सूनबाईने खाली मान घालून सांगितलं, आईंनी शपथ घातली होती.

जुनी गोळी आजपासून पुन्हा. ती सोडली तर बाई येते, घेतली तर तोंड हलतं. सोडल्याने तोंड थांबत तर नाहीच, उलट आधी वाढतं. तिसरा रस्ता विचारला. नवी वाढवू म्हणाल्या. सुस्ती येईल, मन उदास झालं तर लगेच कळवा.

म्हणजे खोलीला दारं दोन, आणि दोन्ही त्याच खोलीत उघडतात.

४ एप्रिल
बाई गप्प. तोंड थोडं हललं. सूनबाईने चमकून वर पाहिलं. म्हटलं, थोडं, नीट लिही.

चिरंजीवांनाही फरक दिसला. म्हणाले, उद्या सकाळी दोन तास पुढे बस. निश्चय: सगळ्यांचे कपडे चिठ्ठीशिवाय देऊन दाखवायचे. दोन तासांचा पूर्ण दिवस कसा होतो ते कळणारही नाही त्यांना.

५ एप्रिल, दुपार
दहाला काउंटरवर बसले. खुर्ची चांगली, पाठीवर ऊन. मास्तरांचा शर्ट हाताशी काढून ठेवला.

बाराला चिरंजीवांनी खांद्याला हात लावला. चार गिऱ्हाइकं येऊन गेली म्हणे. मास्तरांनी आपला शर्ट आपणच उचलला. वकिलांना मला हाक मारणं जिवावर आलं, त्यांनी पंखा तेवढा माझ्याकडे वळवला आणि उद्या येतो म्हणाले.

चिरंजीवांनी आत जाऊन इस्त्रीच्या खोलीतलं माझं स्टूल पुसून ठेवलं.

दहा ते बारा तोंड अजिबात हललं नाही. चार माणसांनी पाहिलं आहे.

सूनबाई विचारते, आई झोपल्या होत्या, हे लिहू का.

लिही.