केसपेपरामागच्या तीन रेघा

११ फेब्रुवारी १९९७, मंगळवार

ह्यांची झोप — सहा तास! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. लेकीची, वर्षाची, शाळेची जुनी वही निम्मी कोरी होती, तीच घेतली. पण लिहायला बसलं की नुसत्या झोपेवर भागत नाही.

आज बाईंनी केसपेपराच्या मागं मनाच्या चढउताराच्या तीन रेघा काढल्या. "जुओ बेन, आ रोगना प्रकार होय." पहिली रेघ थेट कागदाबाहेर गेली आणि धाडकन खाली आली. पहिला प्रकार, ह्यांचा. दिवाळीत पाच दिवस डोळ्याला डोळा नाही. कापड कारखान्याच्या शेठला म्हणाले, सुरतेच्या डिंडोलीतले सगळे लूम मी एकटा चालवतो! घरातली भांडी गल्लीत वाटून टाकली. मग दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाईंचं एकच — "मना पोऱ्याना आंगमा देवी येस."

दुसरी रेघ वर थोडीच जाते, खाली मात्र खोल. वर असताना लोक म्हणतात, काय कामसू माणूस! म्हणून कुणाला कळतच नाही. तिसरी बारीक बारीक वरखाली, वर्षानुवर्षं. मी रेघांकडे बघतच राहिले. आजाराला नाव आहे, गोळी आहे — लिथियम. शेठनं ह्यांची रात्रपाळीही बंद केली, आता कायम दिवसाची. देवा, तुझे उपकार. बाईंचे तुझ्याहून जरा जास्त. रागावू नको!

५ मार्च

ह्यांची झोप सात. घरकामाला आणलेले साड्यांचे गठ्ठे दारात तसेच पडलेत, धागे कापायला कात्री उचलवत नाही. ह्यांनीच भात टाकला. "तू बस, मी टाकस." वाईट वाटलं आणि बरंही.

१९ मार्च

सात. आंघोळ नाही केली — मी.

८ एप्रिल, पाडवा

झोप सात. आणि मी — टणाटण! चार दिवसांत दीडशे साड्यांचे धागे कापून दिले, भिंतींना चुना मारला, गोधडी शिवायला घेतली. पहाटे चारला उठते, दमतच नाही. शेजारच्या उषाबाई म्हणाल्या, "तुला काय मोटर बसवली का ग?" खूप हसलो.

ह्यांना असं हसता-बोलताना बघून ऊर भरून येतो. सप्तशृंगीला बोलले — माझा माणूस परत दिलास, आता नऊ दिवस सगळं घर अळणी जेवेल. मिठाचा कण नाही! सासूबाई कुरकुरल्या, "हेमराजले तरी मीठ दे व." मी ऐकते होय! नवस म्हणजे नवस. हे बिचारे मुकाट जेवले.

१५ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात बाकावर बसून लिहिते.

सकाळी कारखान्यात ह्यांना तुटलेला धागा बांधता येईना. बोटं कापत होती, पाय लटपटत होते, जीभ जड. मुकादमाला वाटलं, पिऊन आले. हाकलून दिलं. घरी आले ते उलट्याच करत. मी रिक्षात घालून दवाखाना गाठला. बाईंनी पहिलं विचारलं, काय खातात? मी नवसाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ही गोळीच मिठाच्या जातीची. जेवणात मीठ नाही, वर लूमपाशी उन्हाळ्याचा घाम, की ती रक्तात साचत जाते, विष होते. आणखी दोन दिवस गेले असते तर…

पहिल्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, जेवण नेहमीसारखं ठेवा. त्यात मीठही आलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवीचे आभार मानता मानता मीच ह्यांना घालवत होते! सलाईन चालू आहे. आई, एवढ्या वेळेस पदरात घे.

१९ एप्रिल

आणलं घरी! वरणाचा पहिला घास घेऊन म्हणाले, "खारट व्हयनं." एवढं गोड कुणी कधी बोललं नसेल. मी रडले. सासूबाई म्हणाल्या, "देवीनी काय मीठ सोडेल शे का? उगाच आपलं!" त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. अशी सासू मिळाली, हेही देणंच.

२२ एप्रिल

तपासणीला गेलो. बाईंनी झोपेचे आकडे मागितले. घाईत अख्खी वहीच पुढं केली. त्या वाचत गेल्या. फेब्रुवारी, मार्च, मग पाडवा. तिथं थांबल्या. दीडशे साड्या, चुना, गोधडी, पहाटेचे चार, नवस. मी लाजून चूर.

त्यांनी हळूच विचारलं, "सरलाबेन, आमां हेमराजभाईनी ऊंघ तो लखी छे. तमारी क्यां छे?" माझी झोप? ती कुठंच लिहिली नव्हती.

२४ एप्रिल

नवा केसपेपर काढला. नाव — सरलाबाई हेमराज. बाईंनी मागं एकच रेघ काढली, दुसरी — 'काय कामसू माणूस!' वाली.

उद्यापासून वही ह्यांच्याकडे. म्हणाले, "आते तुनी झोप मी लिखसू."